तीन सांध्यांचा हात

धाकटीचे यजमान तज्ज्ञ होते. कशातले, हे विचारायची सोय नव्हती. पंख्याच्या पात्यांपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत कोणताही विषय निघो, त्यांनी त्यावर नुकतंच काहीतरी वाचलेलं असे आणि ऐकणाऱ्याने नेमकं ते वाचलेलं नसे. घरात माघारी त्यांना 'तज्ज्ञ'च म्हणत. तोंडावर म्हटलं असतं तरी चाललं असतं, त्यांना त्यातली थट्टा कळली नसती.

धाकटीची थोरली बहीण, ताई, मात्र त्यांना रीतसर 'भावजी' म्हणे, अहो-जाहो करी आणि दातांवर दात ठेवून ऐकून घेई. सव्वीस वर्षं तिने एका मोठ्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकं बांधली होती. तिथे बोलायला कुणी नव्हतं, म्हणून तिला गप्प राहायची सवय होती. पण गप्प बसणारी माणसं मनातल्या मनात काय काय बोलत असतात, हे तज्ज्ञांना कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

ग्रंथालयाने बांधणी विभाग महिनाअखेरीस बंद करायचं ठरवलं होतं. आता फाटकी पुस्तकं बाहेर जाणार, तिथे एक यंत्र त्यांच्या पाठीवर गोंद ओतणार आणि वर्षभरात पानं पुन्हा सुटी होणार. ताईला येत होती ती जुजबंदी. कागदांच्या घड्या घालायच्या, एकेका घडीचा जुज करायचा आणि एक जुज दुसऱ्याला दोऱ्याने शिवत न्यायचा. अशी शिवलेली पुस्तकं वाचणाऱ्यांच्या तीन पिढ्यांना पुरून उरतात. विभागात एके काळी पाच जणं होती. चौघं निवृत्त झाली, नवीन कुणी आलं नाही. आपण उठलो की ही शिवण आपल्याबरोबर उठणार, हे ताईला झोंबत होतं, अगदी घास गिळताना झोंबत होतं.

अशात हस्तव्यवसायाच्या एका शाळेची जाहिरात आली: बांधणी शिकवायला एक शिक्षक हवा. अट एकच. उमेदवाराने पुस्तक बांधण्याचं संपूर्ण काम वरून चित्रित करून पाठवावं. चित्रण सलग असावं, मध्ये तोडजोड नसावी, दोन्ही हात आणि पुस्तक सतत दिसावं. मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. ताईने ती जाहिरात चार वेळा वाचली. तिला ही जागा हवी होती. इतकं काही तिला आयुष्यात हवंसं वाटलं नव्हतं.

"वरून म्हणजे कसं काढायचं गं?" तिने धाकटीला फोनवर विचारलं, आणि तिथेच चूक झाली. कारण फोन धाकटीच्या हातात राहिला नाही.

"ताई, तुम्हाला आर्म लागेल," पलीकडून तज्ज्ञ म्हणाले. "एका टोकाला चिमटा, मध्ये सांधे, दुसऱ्या टोकाला कॅमेरा. चिमटा टेबलाला लावायचा, हात वर न्यायचा, कॅमेरा खाली बघतो. मी कालच यावर वाचलंय."

"मोबाइलने नाही का होणार?"

"मोबाइलने लोक मांजरं काढतात, ताई. माझा कॅमेरा आणतो मी."

शुक्रवारी दुपारी ताई आणि तज्ज्ञ कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदार कपाळावर चष्मा ठेवणारा, सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने तीनच गोष्टी विचारल्या. कॅमेऱ्याचं वजन किती? तो किती लांब धरायचा आहे? आणि चिमटा कशाला लावणार?

ताईला तो माणूस तिथेच आवडला. तिने पिशवीतून कागदाची एक पट्टी काढली. तिच्यावर तिने आपल्या टेबलाच्या फळीची जाडी नखाने खूण करून आणली होती. बांधणीवाले मोजपट्टीवर विसंबत नाहीत. वस्तूला कागद लावायचा आणि खूण करायची, म्हणजे आकडा वाचण्यात चूक व्हायला जागाच राहत नाही.

"याचा जबडा एवढा उघडतो का हो?" तिने विचारलं.

दुकानदार पट्टी घ्यायला हात पुढे करतो न करतो तोच तज्ज्ञ मध्ये पडले. "ताई, ही काय पुठ्ठे कापायची गोष्ट आहे का? यात भारक्षमता बघायची असते." आणि त्यांनी खोक्यावरचा आकडा मोठ्याने वाचला. "तीन किलो! माझा कॅमेरा भिंगासकट सव्वा किलो. म्हणजे दुपटीहून जास्त. विषय संपला."

"साहेब, तो आकडा हात घडी घालून ठेवला तरचा," दुकानदार म्हणाला. "पूर्ण लांब केलात तर एवढा पेलणार नाही. भरलेली बादली छातीशी धरा आणि मग हात पुढे करून धरा. बादली तीच असते. त्यापेक्षा हा आखूड घ्या, जबडाही मोठा आहे याचा."

"आखूड!" तज्ज्ञ असे हसले, की जणू दुकानदाराने त्यांना आखूड म्हटलं होतं. त्यांनी दुकानातला सगळ्यात लांब हात घेतला. काळा कुळकुळीत, तीन सांध्यांचा, आणि मधोमध एक भलीमोठी चकती. ती एक चकती पिळली की तिन्ही सांधे एकदम आवळले जातात. ती चकतीच तज्ज्ञांच्या मनात भरली होती. एक चकती पिळून सगळं जागच्या जागी बसतं, अशी वस्तू ते जन्मभर शोधत होते. दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर घेतला, ताईकडे पाहिलं आणि पावती केली.

शनिवारी ग्रंथालयाला अर्धी सुट्टी. एक वाजता इमारत रिकामी झाली आणि मागच्या खोलीत ताई, धाकटी, तज्ज्ञ आणि त्यांचा हात, एवढेच उरले. ताईचं टेबल होतं जुन्या जाड फळीचं. तज्ज्ञांनी जबडा उघडला, आणखी उघडला, शेवटच्या आट्यापर्यंत उघडला. फळीच्या निम्म्यावरच तो अडून बसला. कागदाची पट्टी ताईच्या पिशवीत होती. तिने ती काढली नाही, पण पिशवी उचलून तज्ज्ञांना दिसेल अशी टेबलावर ठेवली. तेवढं समाधान तिने करून घेतलं.

"टेबलच चुकीचं आहे," तज्ज्ञ म्हणाले.

नाचता येईना अंगण वाकडं, असं धाकटी पुटपुटली. ती त्यांची बायको होती, तिला तेवढी मुभा होती.

शेवटी तज्ज्ञांनी चिमटा टेबलाच्या खणाच्या पातळ कडेला लावला. तिथून हात सरळसोट लांब केला, टोकाला कॅमेरा अडकवला आणि चकती पिळली. दोन्ही हातांनी, दात खाऊन पिळली. ताईला ते बघवेना. सव्वीस वर्षं तिने शिकंज्यात पुस्तकं दाबली होती. आवळायचं म्हणजे काय, हे तिच्या मनगटाला ठाऊक होतं. जोर लावणारा माणूस वस्तूला आवळत नाही, आट्यांना खातो. पण भावजी घरचे जावई. ती खुर्चीवर बसली आणि कामाला लागली.

सहा जुज. मेण लावलेला दोरा, शिवायची चौकट, त्यावर ताणलेल्या तीन फिती. सुई घडीतून बाहेर, फितीला वळसा, परत आत. टोकाला आलं की खालच्या जुजाला गाठ. ताईचे हात एकदा चालू लागले की तिचं जगाकडे लक्ष नसे. शिवण झाली, पाठीवर सरसाचा हात फिरला, हातोडीने पाठ गोल झाली, पुस्तक शिकंज्यात गेलं. तेवीस मिनिटं. तिच्या मते इतकी नीट शिवण तिने कित्येक महिन्यांत केली नव्हती.

मग तिघांनी ते पडद्यावर पाहिलं. पहिली चार मिनिटं हात दिसत होते. पाचव्या मिनिटाला हात वर सरकू लागले. सातव्याला नुसती बोटांची टोकं. दहाव्या मिनिटापासून पुढे ताईचं पोट आणि सरसाचं भांडं, अतिशय स्पष्ट. लांब केलेल्या हाताने हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता, मान टाकली होती.

"खोलीत उकडतंय," तज्ज्ञांनी निदान केलं. "धातू प्रसरण पावतो."

दुसऱ्या खेपेला त्यांनी कॅमेऱ्याखाली एक दोरी बांधून ती वरच्या दिव्याच्या दांडीला टांगली. या वेळी हात खाली आला नाही. पण टेबलाला लावलेला कॅमेरा टेबल हलेल तसा हलणारच. सुई ओढली की चित्र डुले. आणि हातोडीचा पहिला ठोका पडला तेव्हा पडद्यावर पुस्तक, हात, टेबल सगळं असं थरथरलं, की धाकटीने खुर्ची घट्ट धरली.

"हातोडी हळू मारा ना, ताई."

"हळू मारली तर पाठ गोल होत नाही."

"मग पाठ चपटी ठेवा. कोण बघतंय?"

साडेतीन वाजले होते. ताईच्या सव्वीस वर्षांतलं जे काही होतं ते या दीड तासावर आलं होतं, आणि या माणसाला पाठ चपटी चालणार होती. तिला त्या क्षणी भावजींचा मनापासून तिटकारा आला.

"भावजी," ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही आणि ही जरा खाली जाऊन चहा घेऊन या. घाई करू नका."

तज्ज्ञ तात्काळ निघाले. खाली बसून या हाताबद्दल बाकीच्यांनी काय लिहिलंय ते वाचतो, म्हणाले. विकत घेतल्यानंतर वाचायची ही पद्धतही त्यांचीच.

दार लागलं तशी ताईने हात खणाच्या कडेवरून सोडवला आणि हातात घेऊन नीट पाहिला. हत्यार वाईट नव्हतं. वाईट हत्यारं फारशी नसतातच. जबडा जेवढा उघडतो तेवढ्या जाडीची, टेबलाला न टेकलेली आणि जागची न हलणारी वस्तू तिला हवी होती. ती टेबलाच्या मागेच उभी होती: लोखंडी रॅक, जमिनीपासून छतापर्यंत, तिने बांधलेल्या खंडांनी खचाखच भरलेला. त्याच्या उभ्या पट्टीला तिने जबडा लावला. आत दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याचे तुकडे घातले, लोखंडावर लोखंड घसरतं म्हणून. हात पूर्ण लांब न करता कोपरात मोडून जवळ घेतला. एका हाताने कॅमेऱ्याचं वजन उचलून धरलं आणि मगच चकती पिळली, अडेपर्यंत आणि अडल्यावर एक चिमूट पुढे. कॅमेऱ्याचा पट्टा मेणाच्या दोऱ्याने रॅकला बांधला, म्हणजे सुटलाच तर बोटांवर पडणार नाही. खुर्ची आणि टेबल वीतभर रॅककडे ओढून कॅमेऱ्याखाली आणलं, पण रॅकला चिकटू दिलं नाही.

मग ती काहीच न करता दहा मिनिटं बसली. पुस्तक शिकंज्यात घातल्यावर बसतात तशी. कुठलीही आवळलेली वस्तू आधी थोडी बसते. तिला बसू द्यायचं, मग पुन्हा बघायचं. हात केसभर खाली आला होता. तिने तो केस भरून काढला, टेबलावर हातोडीचा एक ठोका मारून पाहिला. पडद्यावर काहीही हललं नाही. तिने कॅमेरा सुरू केला आणि तिसऱ्यांदा सहा जुज शिवायला घेतले.

चहावाले परत आले तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि ताई हात धूत होती. तज्ज्ञांनी चित्रण पुढे-मागे करून पाहिलं. सगळं होतं. दोन्ही हात, पुस्तक, एकेक टाका, हातोडी, पाठीची गोलाई.

"बघा!" ते धाकटीला म्हणाले. "लांब हात घेतला म्हणून रॅकपासून टेबलावर पोचला. आखूड असता तर बसलो असतो बोंबलत."

ताईच्या बोटांना सरस चिकटला होता, तो निघता निघेना. तिने नळाखालूनच विचारलं, "पाठवाल ना तेवढं? पाच व्हायला आलेत."

"नाव काय देऊ?"

"जुजबंदी बांधणी," ताई म्हणाली. पाणी वाहत होतं, तज्ज्ञ टाइप करत होते. पाचला चार मिनिटं कमी असताना चित्रफीत गेली.

बारा दिवसांनी शाळेचं पत्र आलं. ताईने ते धाकटीच्या घरी, सगळ्यांसमोर उघडलं. चांगली बातमी एकटीने वाचायची तिला इच्छा नव्हती.

"आपली 'जुजबी बांधणी' ही चित्रफीत समितीस अत्यंत आवडली," पत्रात होतं. "सदर बांधणी जुजबी असल्याचे आपण स्वतःच नमूद केले आहे. तसेच चित्रफितीत प्रत्येक कृती इतकी स्पष्ट व स्थिर दिसते की या विषयासाठी स्वतंत्र शिक्षक नेमण्याची आवश्यकता उरलेली नाही. सबब सदर पद रद्द करण्यात येत असून वर्गात चित्रफीतच दाखवण्यात येईल. परवानगीपत्रावर सही करण्यासाठी सवडीने यावे."

"स्थिर!" तज्ज्ञ उडाले. "ताई, 'स्थिर' म्हणालेत ते!"

ताईने पत्र पुन्हा वाचलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इतके चांगले हात दाखवले, की हातांचीच गरज उरली नाही.

"भावजी, 'जुजबी' कुणी लिहिलं?"

"मीच. का? जुज घालून केलेली ती जुजबी. विशेषण आहे ते, ताई."

"अहो, जुजबी म्हणजे किरकोळ!" धाकटी ओरडली. "वरवरचं! तुमचं ज्ञान असतं ना, तसं!"

तज्ज्ञांनी मोबाइल काढून शब्द शोधला. मग म्हणाले, "तोही एक अर्थ होतो शब्दाचा."

 घरी जाऊन ताई रडली, आणि रडून झाल्यावर तिला स्वतःचाच राग आला. नळ बंद करून पाच पावलं जाऊन तिने एक शब्द वाचायला हवा होता. तिने फोन करून शाळेला खरा शब्द कळवला. पलीकडच्या कारकुनाने तो लिहून घेतला आणि ठराव झालेला आहे, असं सांगितलं.

सही करायला ती लगेच गेली नाही. महिना संपला, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीला कुलूप लागलं. मग शाळेचे दोन फोन आले, तेव्हा गेली. प्राचार्य आधी खेळाचे शिक्षक होते. गळ्यात अजून शिट्टी होती. त्यांनी परवानगीपत्र तिच्या हातात दिलं आणि मोठ्या कौतुकाने तिला वर्गात नेलं.

भिंतीवर तिचेच हात चालले होते, परातीएवढे मोठे. समोर आठ मुलं-मुली चौकटींपुढे बसली होती. पडद्यावरचे हात कुणासाठी थांबत नव्हते. एका मुलीने प्रश्न विचारायला हात वर केला, भिंतीकडे पाहिलं आणि तो खाली घेतला. ताईने एकेका चौकटीत डोकावून पाहिलं. आठांपैकी सहा जणांचे जुज घडीवर फाटले होते, दोरा कचकून ओढल्यामुळे. उरलेल्या दोघांची शिवण इतकी सैल होती, की मधून बोट गेलं असतं.

"हे एवढं एक होतंय बघा," प्राचार्य म्हणाले. "पन्नास कागद गेले. मला वाटतं कोनाचा प्रश्न आहे. आपण एक दुसरी फिल्म पाठवाल का, बाजूने काढलेली? तुमच्याकडे तो हात आहेच."

"बाजूने काढली तरी तेच होईल," ताई म्हणाली. "दोरा किती ओढायचा ते दिसत नाही हो. ते शिकणाऱ्याच्या बोटावर बोट ठेवून सांगावं लागतं. इथे थांब, आता सोड, असं."

"अस्सं!" प्राचार्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी फाटलेला एक जुज उचलून उजेडात धरला, भिंतीवरच्या हातांकडे पाहिलं आणि मग ताईकडे वळून, अगदी मनापासून काळजीने विचारलं, "मग आता ते सांगायला माणूस कुठून आणायचा हो?"

ताईने सही न केलेल्या परवानगीपत्राची घडी घातली, अंगठ्याच्या नखाने ती कडेपर्यंत दाबली आणि त्यांच्या हातात परत दिली.